छगनआबांच्या झोपेखालची वेल

धुळे-जळगाव गाडीच्या कंडक्टरने पिशवीला आधी पाय लावून पाहिला, मग तो पाय चोळला आणि मग विचारलं, “काय भरलंय यात?”

“अक्षरं,” तोतारामभाऊ म्हणाले.

कंडक्टरने तिकिटाचं मशीन एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. अशा उत्तराला वेळ द्यावा लागतो. “म्हणजे पुस्तकं?”

“पुस्तकं नाहीत. पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं उठवतात ना, त्याचे ठसे. पितळी. थोडी वेलबुट्टीपण आहे.”

“वजन?”

“सतरा किलो.”

“सतरा किलोची वेलबुट्टी,” कंडक्टर स्वतःशीच म्हणाला. “शिटाखाली सरकवा. आणि कोणाच्या पायाला लागली तर एसटी जबाबदार नाही.”

तोताराम आत्माराम बाविस्कर हे जळगावच्या एका सरकारी कचेरीतून चौतीस वर्षांनी अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या कचेरीची सगळी रजिस्टरं धुळ्याच्या नासीरभाईंकडे बांधली जायची. नासीरभाईंचं दुकान आता बंद होत होतं. पुठ्ठे दाबायचा शिकंजा आणि कापायचं मशीन शिरपूरच्या एका छापखान्याने आधीच नेलं होतं. उरला होता तो पत्र्याचा एक डबा, आणि त्यात नासीरभाईंच्या अब्बांनी स्वतःच्या हाताने कोरलेले चोपन्न डाय. ‘खंड पहिला’, ‘खंड दुसरा’, ‘श्री’, ‘जमीन महसूल’, चांदतारा, कमळ, कोपऱ्यातल्या नक्ष्या.

हे डाय पुढच्या शुक्रवारी वितळणार होते. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. अब्बाच सांगून गेले होते, की ज्या दिवशी ठशांचं काम संपेल, त्या दिवशी ते आटवून पाण्याचा एक मोठा हंडा करा आणि गल्लीच्या तोंडाशी ठेवा. अक्षर वाचणारा एखादा असतो, तहान सगळ्यांनाच लागते. ओतारी ठरला होता, वार ठरला होता. वडिलांच्या शब्दापुढे कोण बोलणार?

बोलली ती नासीरभाईंची मुलगी मिसबाह. ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका आणि मुखपृष्ठं करते. तिचं म्हणणं एवढंच, की आटवायच्या आधी प्रत्येक डायचा शाईचा एक स्वच्छ छाप कागदावर घेतला, तर तो स्कॅन करून कायमचा ठेवता येईल. मोबाइलने फोटो काढून पाहिले होते. पितळ इतकं चकाकायचं, की फोटोत कमळ दिसायचं नाही, फोटो काढणाऱ्याचं नाक तेवढं दिसायचं.

“एवढंच ना?” तोतारामभाऊ म्हणाले होते. ते तिथे फक्त एक फाटका शब्दकोश बांधून घ्यायला गेले होते, आणि तो बांधून मिळणार नाही हे कळल्यावर निमूट परतायला हवे होते. “आठ दिवस द्या माझ्याकडे. छाप मारण्यातच माझी हयात गेली आहे.”

 नासीरभाईंनी डब्याच्या तळातून मलमलीत गुंडाळलेली एक पट्टी काढली. वीतभर लांब वेल. पानं, तणावे, कळ्या, आणि रेघा अशा, की श्वास लागला तर हलतील.

“अब्बा दोन महिने ही कोरत बसले होते, भाऊसाहेब. हिचा एक छाप आमच्या घरात नाही. जेवढी पुस्तकं बांधली, तेवढी लोकांच्या घरी गेली. बाकीच्या त्रेपन्नांचं काय व्हायचं ते होऊ द्या, पण ही...” पुढचं वाक्य त्यांनी मलमलीत गुंडाळून तोतारामभाऊंच्या हातात दिलं.

पारोळा मागे पडलं तेव्हा उन्हाने खिडकीबाहेरची शेतं पांढरी झाली होती. तोतारामभाऊंचा डोळा लागला. शिटाखालून एक बारीक हिरवा कोंब वर आला, कंडक्टरच्या पट्ट्याला वेढा घालून टपापर्यंत गेला, आणि गाडीतल्या सगळ्या माणसांच्या डोक्यावर सोनेरी पानांची सावली पडली. एरंडोलला गाडी आदळली आणि सावली गेली.

आता छाप घेणं म्हणजे काय, तर डायला शाई लावायची, वर कागद ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. चार क्रियापदं. पण तोतारामभाऊंच्या कचेरीतसुद्धा ‘अर्ज स्वीकारणे’ हे एकच क्रियापद होतं आणि त्याला तीन महिने लागत.

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी त्यांनी शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई ‘श्री’ला लावली. पितळाने ती घेतली नाही. अळवावरच्या पाण्यासारखे तिचे थेंब झाले आणि कागदावर जे उमटलं, त्याला फार तर जांभळं सांडली होती असं म्हणता आलं असतं.

इतक्यात फाटक वाजलं. शेजारचे छगनआबा आले. आबा मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी, देह अठ्ठ्याण्णव किलोचा, आणि सल्ला देताना ते उभे राहत नसत.

“हाई काय शे, भाऊ?” खुर्चीत बसत त्यांनी विचारलं.

तोतारामभाऊंनी सगळं सांगितलं.

“अरे, मग बूटपॉलिश लाव ना. काळं. थोडं रॉकेल टाकीसन. मना मोठा भाऊ ट्रंकवर नाव तसंच टाके.”

बूटपॉलिश लावलं. ‘श्री’ बुटासारखा चमकू लागला, कागदावर मात्र यायला तयार नव्हता.

दुपारी तोतारामभाऊंनी एका छापखान्यातून डबीभर खरी छपाईची शाई आणली. ती पसरायला रूळ हवा. रूळ घरात एकच असतो आणि तो हेमलताबाईंच्या ताब्यात असतो. हेमलताबाई म्हणजे भाऊंच्या पत्नी. त्या झोपल्या होत्या. भाऊंनी लाटणं उचललं, काम उरकलं, पुसून जागेवर ठेवलं, आणि त्याविषयी मौन पाळलं.

संध्याकाळी ताटात पोळी पडली. पोळीवर ‘खंड दुसरा’ उमटला होता. उलटा, पण इतका रेखीव, की ‘ड’चं पोटही भरलं नव्हतं. दिवसभरात कागदावर इतका चांगला छाप एकदाही आला नव्हता. तोतारामभाऊ पोळीकडे कौतुकाने बघत राहिले.

“खंड पहिला मी तव्यावर असतानाच गायीला टाकला,” हेमलताबाई म्हणाल्या. “उद्यापासून लाटण्याला हात लावाल, तर तुमच्या पाठीवर खंड तिसरा निघेल.”

शनिवारी नवा रबरी रूळ आला आणि नवं संकट कळलं. जळगावात त्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर होता. शाई म्हणजे पातळ वरण झाली. कमळाच्या पाकळ्यांमधल्या रेघा भरून गेल्या आणि कमळाचा बटाटा झाला. म्हणून कूलर लावला. शाई घट्ट झाली, पण कूलरच्या ओल्या वाऱ्याने कागद फुगून पापडासारखा वाकडा झाला. कूलर बंद केला की बटाटा, चालू केला की पापड. तोतारामभाऊ बटण दाबत बसले आणि हेमलताबाईंनी विजेच्या मीटरकडे एकदा, नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

या सगळ्यात भाऊंच्या दहाही बोटांची टोकं काळी झाली. ज्या गृहस्थाने चौतीस वर्षं लोकांना ‘अंगठा नको, सही शिका’ असं सुनावलं, त्याला किराणा दुकानदाराने हसत विचारलं, “काय भाऊसाहेब, दहाही बोटं उठवून आलात? इस्टेट मोठी दिसते!” भाऊंनी साखर न घेताच घर गाठलं. स्वाभिमानाचे असे तोटे असतात. चहा दोन दिवस गुळाचा झाला.

शेवटी त्यांनी धुळ्याला फोन लावला.

“शाई लावताय तुम्ही?” नासीरभाईंनी विचारलं.

“अर्थात.”

“तिथंच चुकतंय, भाऊसाहेब. लावू नका. रूळ काचेवर फिरवून फिरवून शाई संपत आली असं वाटलं, की मग डायवरून न्या. डायला शाई नाही लागली पाहिजे, शाईची नुसती खबर लागली पाहिजे. कागद गुळगुळीत घ्या. आणि दाब सरळ वरून, हळू, एकसारखा. हात हलला, की रेघ दोनदा दिसते.”

“आणि वेलीला?”

 “तिला अजून कमी,” नासीरभाई म्हणाले.

खबरेचं जमलं. दाबाचं जमेना. भाऊंनी हाताने दाबलं, वरवंट्याने दाबलं, दिवाणाचा पाय उचलून त्याखाली दाबलं. दरवेळी एक बाजू गडद, दुसरी फिक्कट, मध्ये रेघ दोनदा. तेव्हा छगनआबांनी खुर्ची सोडली, आणि हे पाहून हेमलताबाईसुद्धा बाहेर आल्या.

“मी बसस,” आबा म्हणाले.

फरशीवर कमळाचा डाय तोंड वर करून ठेवला. त्यावर कागद, कागदावर रेग्झिनचा तुकडा, त्यावर पाट, पाटावर गादी, गादीवर आबा. भाऊंनी दहा आकडे मोजायचे आणि आबांनी उठायचं असं ठरलं होतं. आठापर्यंत मोजून झालं तेव्हा आबांची मान छातीवर आली होती.

“आबा.”

उत्तर आलं ते घोरण्यातून. बाहेर उन्हाने रस्ता वितळत होता. कडुनिंबाखाली एक कुत्रं स्वतःच्या सावलीच्या मापाचं झालं होतं. कॉलनीतली सगळी दारं लोटलेली, आणि या शांततेत अठ्ठ्याण्णव किलो वजन श्वासाश्वासाला अगदी हळू खाली जात होतं, अगदी हळू वर येत होतं. भाऊंना उठवायचं सुचलं नाही. त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

वीस मिनिटांनी आबा उठले. “मी झोपना नही,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. “डोया मिटीसन इचार करी ऱ्हायंतू.”

भाऊंनी कागद उचलला. कमळ. पाकळी न् पाकळी सुटी. एका पाकळीवर अब्बांचं हत्यार किंचित सरकलं असावं, तो केसाएवढा ओरखडासुद्धा कागदावर आला होता.

जगात दाबयंत्रं पुष्कळ आहेत. काही हाताने चालतात, काही विजेवर. झोपेवर चालणारं यंत्र त्या दिवशी जळगावात पहिल्यांदा चाललं. रविवारपासून आबा रोज जेवून बरोबर सव्वा वाजता येऊ लागले. पाटाऐवजी दार आलं. गच्चीचं जुनं दार, ते एका झोपेत तेरा-चौदा डाय सहज झाकायचं. आबा त्यावर उताणे पडत. हेमलताबाईंनी पडदे ओढावेत, भाऊंनी फोन बंद करावा, आणि सगळ्या घराने आबांच्या श्वासाबरोबर श्वास घ्यावा. उठल्यावर आबांना ताक. कागद दोरीला चिमट्यांनी लावले जात. संध्याकाळच्या वाऱ्यात ‘जमीन महसूल’ आणि चांदतारा शेजारी शेजारी हलत, आणि तोतारामभाऊ दोरीखाली खुर्ची टाकून आपण झाडाखाली बसलो आहोत असं समजत.

आबांनाही या कामाचा अभिमान चढला. ते गल्लीत सांगू लागले, “धुळानं बठ्ठं काम मनावर शे.” धुळ्याचं सगळं काम म्हणे त्यांच्या एकट्यावर. त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, चाळीस वर्षं जे फुकट चाललं होतं, त्याला आता सरकार पेन्शन देईल का, तेवढं विचारा.

बुधवारपर्यंत त्रेपन्न छाप झाले. उरली वेल. तिला एकटीला एक झोप द्यायची, असं भाऊंनी पहिल्यापासून ठरवलं होतं. गुरुवारी दुपारी वेल छापायची, चारच्या गाडीने डाय धुळ्याला पोचवायचे. शुक्रवारी सकाळी ओतारी.

गुरुवारी आबा आले ते आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून. भाऊंनी रूळ काचेवर इतका फिरवला, की तो जवळजवळ स्वच्छ झाला. मग तो वेलीवरून नेला. पितळ किंचित सावळं झालं, बस. कागद, रेग्झिन, पाट, गादी. आबा बसले.

आणि जागे राहिले.

“काय झालं, आबा?”

“झोप येत नही, भाऊ.”

“का?”

“तूच तं सांगं ना, एकच शे, चुकाले नको म्हनीसन. आते माले टेन्शन ई गयं.”

पावणेदोन झाले. आबा डोळे टक्क उघडे ठेवून, हलू नये म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत बसले होते. हेमलताबाईंनी ताक आधीच दिलं. उपयोग नाही. डोक्याला तेल थापलं. आबा म्हणाले बरं वाटतं, पण झोप नाही. सव्वादोन. वेलीवर शाई वाळत चालली होती.

तेव्हा तोतारामभाऊ आतल्या खोलीत गेले आणि कपाटातून एक जुनी फाइल घेऊन आले. आबांच्या समोर बसून त्यांनी संथ, एकसुरी आवाजात वाचायला सुरुवात केली. “उपरोक्त विषयान्वये, संदर्भ क्रमांक एक ते सातमधील परिपत्रकांच्या अनुषंगाने, तसेच त्यात वेळोवेळी करण्यात आलेल्या सुधारणांच्या अधीन राहून...”

आबांच्या पापण्या ‘अनुषंगाने’ला अर्ध्यावर आल्या. ‘अधीन राहून’ला मान गेली.

भाऊंनी खात्री म्हणून आणखी एक परिच्छेद वाचला. ही चूक होती, कारण परिपत्रक वाचणाऱ्यालाही ऐकू जातं. फाइल त्यांच्या मांडीवर उतरली. वेल पाटाखालून निघाली. तिने आबांना एक वेढा दिला, हेमलताबाईंच्या तुळशीला विचारून पुढे गेली, रस्ता ओलांडला, आणि त्यांच्या जुन्या कचेरीत शिरली. तिथे फायलींच्या रॅकवर ती हळूहळू चढत होती, आणि जिथे तिचं पान टेके, तिथली फाइल मंजूर होत होती. कोणी अर्ज करत नव्हतं, कोणी त्रुटी काढत नव्हतं. खिडकीशी एक म्हातारा बाइंडर बसला होता, त्याने हातातली छिन्नी थांबवून विचारलं, “छाप स्वच्छ येतो ना?” भाऊ म्हणणार होते की येतो, तेवढ्यात हेमलताबाईंनी त्यांना हलवलं.

“अहो! साडेतीन!”

आबांना दोघांनी हाताला धरून सरळ वर उचललं. भाऊंनी कागदाचं एक टोक धरलं आणि तो सोलला. वेल आली होती. सबंध. तणाव्याचं केसासारखं टोकसुद्धा.

दुसरा छाप घ्यायला वेळ नव्हता. आणि आबा एकदा उठले, की त्या दिवशी पुन्हा झोपत नसत. तत्त्व म्हणून.

रात्र व्हायच्या आत डाय नासीरभाईंच्या हातात पडले. छाप मात्र भाऊंनी सोबत नेले नव्हते. शाई वाळायची होती, शिवाय अर्धवट काम पुढच्या टेबलावर सरकवायचं नाही, हा त्यांचा नियम. “स्कॅन करूनच देतो,” ते म्हणाले. नासीरभाईंनी मलमल उघडून वेलीवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा गुंडाळली. शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला. ओतारी येऊन गेला, भट्टी लागली, झालं.

म्हणजे आता जे काही होतं, ते जळगावला चोपन्न कागदांवर होतं.

शनिवारी भाऊ ते घेऊन कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात गेले. दाखले, अर्ज, सातबारा, स्कॅन, सगळं तिथे मिळे. केंद्र सुनिताताईंचं. त्या एकाच वेळी तीन माणसांशी बोलत आणि चौथ्याचा अर्ज भरत.

“दाखला कोणता? उत्पन्न, रहिवासी, जात?”

“दाखला नाही. स्कॅन करायचंय. ही वेल आहे.”

“नावावर कोणाच्या आहे?”

“वेल नावावर नसते, ताई.”

“मग अडचण येईल,” सुनिताताई सहज म्हणाल्या, आणि मग नीट पाहून, “असं होय! चित्रं! मोठ्या साइजमध्ये करायची? मग वेळ लागेल, भाऊसाहेब. ही गर्दी ओसरू द्या. तिकडे टेबलाशी बसा, कागद ओळीने लावून ठेवा.”

भाऊ बसले. टेबल लाकडी होतं, वर काच, काचेखाली कोणाचं तरी जुनं कॅलेंडर. डोक्यावर पंखा सावकाश फिरत होता. समोर रांग. मागे कोणीतरी विचारत होतं, “साहेब जेवायला गेले का?” गठ्ठा हाताखाली होता, खिशात काळ्या शाईचं पेन होतं. काम पुरं झालं होतं, आणि पुरं झालेल्या कामाची जी एक गुंगी असते, ती डोळ्यांवर येत होती. एक कागद सरकवावा, दुसरा ओढावा. सरकवावा, ओढावा. पंख्याचा आवाज ओळखीचा होता. उन्हाची तिरीप ओळखीची होती. मन पारोळ्याच्या पुढे कुठेतरी पांढऱ्या शेतांवरून चाललं होतं, आणि हात आपल्या जागी बसून आपलं काम करत होता.

“या, भाऊसाहेब,” सुनिताताईंनी हाक मारली. गठ्ठा घेऊन पानं फिरवली, आणि कौतुकाने म्हणाल्या, “बरं झालं, सगळ्यांवर सही करून आणलीत. लोकांना तीन-तीनदा सांगावं लागतं.”

भाऊंनी पाहिलं.

चोपन्न कागद. प्रत्येकावर, उजवीकडे खाली, ‘खरी प्रत’ असा शेरा, त्याखाली सही, त्याखाली तारीख. तोतारामभाऊंची सही साधी नव्हती. ‘बाविस्कर’मधल्या ‘र’नंतर ती संपत नसे. तिथून एक फाटा निघे, दोन गिरक्या घेई, वर चढे, एक लहानसा गोल करी आणि मग कुठेतरी लांब जाऊन थांबे. छोट्या डायच्या कागदांवर भरपूर कोरी जागा होती, सही तिथे मावली होती. वेल कागदभर होती. तिच्यावर सही मावली नव्हती. ती आत शिरली होती.

“काय झालं, भाऊसाहेब? पाणी देऊ?”

भाऊंनी पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत. ग्लास तसाच हातात धरून बसले. पितळ आता हंड्याचं होतं. दुसरा छाप आता कशाचा घेणार? दोन महिने एक माणूस ज्या रेघांवर वाकून बसला होता, त्यांवरून एका निवृत्त अधीक्षकाने बसल्या जागी, अर्ध्या झोपेत, फाटा ओढला होता. कोणी मागितला नसताना.

स्कॅन झाले. पेनड्राइव्ह मिळाला. घरी आल्यावर हेमलताबाईंनी सगळं ऐकलं. त्या हसल्या नाहीत, हे भाऊंना फार लागलं. एवढंच म्हणाल्या, “उद्या सकाळच्या गाडीने जा. फोनवर नका सांगू.”

रविवारी धुळ्याला जाताना भाऊंनी गाडीत एकदाही डोळा मिटला नाही.

नासीरभाईंच्या घरी मिसबाहच्या टेबलापुढे तिघं बसले. भाऊंनी येताना चार वाक्यं तयार केली होती. दिलगिरी, कारणमीमांसा, जबाबदारीचा स्वीकार आणि आभार. त्यातलं पहिलंच म्हणायचं होतं, पण नासीरभाई चष्मा पुसत होते, आणि माणूस चष्मा पुसत असताना त्याला वाईट बातमी कशी सांगायची, ते भाऊंना कळेना.

मिसबाहने पहिली फाइल उघडली. “अरे वा, काका! किती स्वच्छ आलंय!” मग थोड्या वेळाने, “ही सही...?”

“चुकून झाली,” भाऊ म्हणाले. चारपैकी एवढंच निघालं.

“काही नाही, बाजूला आहे. पुसते.” तिने पुसली. कमळावरची पुसली, ‘श्री’वरची पुसली, चांदताऱ्यावरची पुसली. अर्ध्या-पाऊण तासात त्रेपन्न डाय जसे अब्बांनी कोरले, तसे पडद्यावर उभे राहिले. नासीरभाई प्रत्येकाला ओळखून मान हलवत होते.

मग वेल आली.

मिसबाहने ती मोठी केली. आणखी मोठी केली. ‘खरी प्रत’ आणि तारीख खाली सुटी होती, ती पुसली. नाव पुसलं. पण ‘र’नंतरच्या फाट्यापाशी तिचा हात थांबला. तो फाटा तणाव्यांत शिरला होता, पानांच्या मागून गेला होता, पुढून आला होता. शाईही काळी, पेनही काळं.

“काका, यातलं तुमचं कुठपर्यंत? अन् दादाजींचं कुठून?”

भाऊंनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. नुसतं बोट ठेवायचा अवकाश होता. बोट उचललं जात नव्हतं.

“थांब, मी सांगतो,” नासीरभाई म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ सरकले. वेलीच्या बुंध्यावर त्यांनी तर्जनी ठेवली. “इथून चालू. हे पान. अब्बा पान असंच करायचे, देठाशी जरा मोडलेलं. ही कळी.” बोट हळूहळू वर जात होतं, डायवरून जसं न्यायचे तसं. “इथे वळण. मग इथून...” ते फाट्यापाशी आलं. क्षणभर थबकलं. आणि मग डावीकडच्या खऱ्या तणाव्याने न जाता उजवीकडे वळलं, दोन गिरक्यांतून फिरलं, वर चढलं, लहानशा गोलाभोवती सावकाश एक प्रदक्षिणा घालून टोकापर्यंत पोचलं.

तिथे ते बराच वेळ राहिलं.

“ही गिरकी मला आठवतच नव्हती,” नासीरभाई म्हणाले. “चाळीस वर्षं हात फिरवला डायवरून. उलट्या बाजूने कळत नाही माणसाला. किती बारीक काम, नाही, भाऊसाहेब?”

चौतीस वर्षांत तोतारामभाऊंनी एका स्वल्पविरामासाठी फायली परत पाठवल्या होत्या. जावक क्रमांकाचा एक आकडा चुकला म्हणून एका गावाची विहीर सात महिने अडवली होती. दुसऱ्याची चूक दिसली आणि बोललो नाही, असं त्यांच्या हयातीत झालेलं नव्हतं.

“फार बारीक,” भाऊ म्हणाले.

मिसबाहने एकदा भाऊंकडे पाहिलं. मग वडिलांकडे पाहिलं. त्यांचं बोट अजून पडद्यावरच होतं. खोडरबराची खूण तिने बाजूला नेऊन ठेवली आणि फाइल होती तशी सेव्ह केली.

तोतारामभाऊंची सही कुणाला आवडली, असा त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. ती आपली आहे, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हतं, आणि सांगावंसंही वाटत नव्हतं.